इंग्रजीतील 'नाही' नीट वाचा

आपल्या वस्तीत इंग्रजी कागद आला की तो बहुधा सरकारी असतो, नाहीतर नोकरीचा. घरात दहावी-बारावी झालेले एखादे पोर असते. ते कागद हातात घेते, दोन ओळी वाचते आणि त्याला 'नॉट' किंवा 'नो' हा शब्द दिसतो. "नाही म्हणतात," असे ते सांगते. कागद घडी होऊन ट्रंकेत जातो आणि सारे आपापल्या कामाला लागतात. कित्येकदा त्या कागदात सरळ नकार नसतोच. 'अमुक दाखला जोडल्याशिवाय नाही', 'अमुक तारखेनंतर नाही', 'याची गरज नाही' असे काहीतरी असते. पण तेवढे बारकाईने वाचायला कोणी शिकवलेले नसते. म्हणून या वेळी आम्ही इंग्रजीतल्या 'नाही'च्या निरनिराळ्या तऱ्हांविषयी लिहीत आहोत. आईवडिलांनी हे मुलांकडून वाचून घ्यावे आणि मुलांनी आईवडिलांना समजावून सांगावे.

प्रथम आपल्या मराठीकडे पाहू. 'पाणी नाही', 'पाणी नको', 'हे पाणी पिऊ नये', 'हे पाणी नव्हे'. चार वाक्ये आहेत आणि चार निराळे अर्थ आहेत. पहिल्यात वस्तुस्थिती आहे, दुसऱ्यात इच्छा आहे, तिसऱ्यात उपदेश आहे, चौथ्यात ओळख आहे. चार वर्षांचे लेकरूसुद्धा यात चुकत नाही. आपल्या झाडीपट्टीत त्याचे 'नाई' आणि 'नोको' होते, पण फरक कायम राहतो. गोंदियाच्या बाजारात हिंदी चालते, तिथे 'नहीं' वेगळे आणि 'मत' वेगळे. देवरी-सालेकशाच्या पलीकडे छत्तीसगडी सुरू होते, तिथे सांगण्याचा 'नइ' आणि मनाई करण्याचा 'झन'. म्हणजे सांगणारा 'नाही' आणि थांबवणारा 'नाही' हे दोन आहेत, ही गोष्ट आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला शिकवावी लागत नाही. ती त्याच्या जिभेवर आहे.

इंग्रजीत मात्र बहुतेक ठिकाणी एकच 'नॉट' येतो. त्याचा रंग त्याच्या शेजारच्या शब्दावरून ठरतो. म्हणून आमचे पहिले सांगणे असे की, 'नॉट' दिसला की तिथे थांबू नका, त्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा शब्द वाचा.

'मस्ट नॉट' आणि 'नीड नॉट'

'मस्ट' म्हणजे केलेच पाहिजे. 'हॅव टू' म्हणजे करावे लागते. या दोहोंत फारसे अंतर नाही. पण दोघांना 'नॉट' जोडा आणि पाहा. 'मस्ट नॉट' म्हणजे करताच कामा नये. 'डोन्ट हॅव टू' किंवा 'नीड नॉट' म्हणजे करण्याची गरज नाही, केले तरी चालेल. एक मनाई आहे आणि दुसरी सवलत आहे. परीक्षेच्या सूचनेत 'मोबाइल मस्ट नॉट' असेल तर मोबाइल दाराबाहेर ठेवायचा. 'ओरिजिनल दाखले नीड नॉट' असेल तर अर्जासोबत मूळ दाखले पाठवण्याची सक्ती नाही, झेरॉक्सवर काम होईल. दोन्ही ठिकाणी 'नाही' असेच समजले तर मुलगा घाबरून मूळ दाखले घरीच ठेवून मुलाखतीलाही जाईल. मूळ दाखले अर्जाला लागत नव्हते, मुलाखतीला लागणार होते.

'मे नॉट' हा तर दोन तोंडांचा आहे. 'यू मे नॉट एंटर' म्हणजे आत जाण्याची परवानगी नाही. 'द ऑफिसर मे नॉट बी प्रेझेंट' म्हणजे साहेब कदाचित हजर नसतील. एकात मनाई आहे, दुसऱ्यात नुसती शक्यता आहे. कर्ता कोण आणि गोष्ट कशाविषयी आहे हे पाहिल्यावरच अर्थ उलगडतो. 'शुड नॉट' हा आपल्या 'करू नये'च्या जवळचा आहे. घरी तो सल्ला असतो, पण कचेरीच्या सूचनेत आला तर त्याला हुकूमच समजावे. कायद्यात 'शॅल नॉट' येतो. तो सल्ला कधीच नसतो.

'नाही'ची हद्द कुठपर्यंत

आता तारखा आणि वयाकडे वळू. इथे एका दिवसाने नोकरी हुकते. 'नॉट लेटर दॅन ३० जून' म्हणजे ३० जून धरून. 'बिफोर ३० जून' म्हणजे २९ जूनपर्यंतच. 'नॉट लेस दॅन १८' म्हणजे १८ पूर्ण असतील तर चालते. 'मोअर दॅन १८' म्हणजे १८ हून जास्त हवेत. 'नॉट मोअर दॅन ३०' मध्ये ३० बसतो, 'लेस दॅन ३०' मध्ये बसत नाही. 'नॉट' असलेले वाक्य इथे उलट अधिक उदार आहे, हे मुलांच्या ध्यानात आणून द्यावे.

'अनलेस' हा शब्द असाच. 'अर्ज विल नॉट बी अ‍ॅक्सेप्टेड अनलेस जातीचा दाखला जोडला आहे' अशा घडणीच्या वाक्यात दोन नकार आहेत. एक उघड आहे, एक 'अनलेस'च्या पोटात आहे. दोन नकार मिळून रस्ता उघडतो: दाखला जोडा, अर्ज घेतील. ज्याने पहिलाच नकार वाचला त्याने अर्ज भरलाच नाही. 'अनटिल' म्हणजे तोपर्यंत नाही, पुढे होईल. 'एक्सेप्ट' म्हणजे एवढे सोडून. आणि पत्राच्या शेवटी 'फेलिंग विच' असे दिसले की सावध व्हावे. त्याचा अर्थ, वर सांगितले ते मुदतीत केले नाही तर पुढचे परिणाम तुमच्यावर. त्यात 'नॉट' नाही, पण सबंध पत्रातली सर्वांत कडक ताकीद तीच असते.

'सगळे' आणि 'नाही' एका वाक्यात आले की घोटाळा होतो. 'नो कॅंडिडेट विल बी कॉल्ड' म्हणजे कोणालाच बोलावणार नाहीत. 'नॉट ऑल कॅंडिडेट्स विल बी कॉल्ड' म्हणजे सगळ्यांनाच बोलावणार नाहीत, काहींना बोलावतील. 'ऑल कॅंडिडेट्स विल नॉट बी कॉल्ड' या वाक्याचे दोन्ही अर्थ निघू शकतात. मराठीतही 'सगळ्यांना बोलावणार नाही' असे कोणी म्हटले तर आपण विचारतोच ना, "म्हणजे कोणालाच नाही, की काहींना?" इंग्रजी कागदालाही तसेच विचारावे. कागद बोलत नसेल तर खिडकीवर विचारावे.

मुलाखतीतला 'यस' आणि 'नो'

मुलाखतीला जाणाऱ्या मुलामुलींसाठी हा परिच्छेद खास आहे. साहेब विचारतात, "डोन्ट यू हॅव एक्स्पीरियन्स?" म्हणजे तुम्हाला अनुभव नाही का? आपल्या बोलण्यात अशा प्रश्नाला "हो, नाही" असे उत्तर येते. 'हो' म्हणजे तुमचे म्हणणे बरोबर आणि 'नाही' म्हणजे अनुभव नाही. त्या सवयीने मुलगा "यस सर" म्हणतो आणि गप्प बसतो. इंग्रजीत 'यस'चा अर्थ झाला, अनुभव आहे. साहेब विचारतो, कुठला? मुलगा गोंधळतो आणि खोटा ठरतो, जरी तो खोटे बोललेला नसतो.

इंग्रजीत 'यस' आणि 'नो' हे प्रश्नाशी सहमती दाखवत नाहीत, वस्तुस्थितीशी जुळतात. आहे तर 'यस', नाही तर 'नो', प्रश्न कसाही विचारला तरी. म्हणून एकटा 'यस' किंवा एकटा 'नो' सोडूच नये. "नो सर, आय डोन्ट," किंवा "यस सर, आय डू," असे पुरे बोलावे. 'डू यू माइंड' ने सुरू होणारा प्रश्नही असाच फसवा आहे. 'तुमची हरकत आहे का' असे तो विचारतो. नम्रपणे होकार द्यायचा म्हणून आपण 'यस' म्हणालो तर 'हो, हरकत आहे' असे होते. तिथे 'नो' हाच होकार.

फॉर्मवरचे रिकामे रकाने

फॉर्म भरताना रिकाम्या रकान्यात काय लिहायचे? कोणी रेघ मारतो, कोणी 'एन. ए.' लिहितो, कोणी 'निल' लिहितो. हे तिन्ही सारखे नाहीत. 'निल' म्हणजे प्रश्न मला लागू आहे आणि उत्तर शून्य आहे. घरी जमीन नसेल तर जमिनीच्या रकान्यात 'निल'. 'नॉट अ‍ॅप्लिकेबल' म्हणजे प्रश्न मला लागूच होत नाही. अविवाहित मुलीने पतीच्या नावाच्या रकान्यात हे लिहावे. जमीन नसलेल्या शेतमजुराने 'नॉट अ‍ॅप्लिकेबल' लिहिले तर त्याने माहिती दिली नाही असे कोणी धरू शकतो. शिवाय 'एन. ए.' चा 'नॉट अव्हेलेबल', म्हणजे माहिती उपलब्ध नाही, असाही अर्थ होतो. म्हणून दोन अक्षरांवर भागवू नये, पूर्ण शब्द लिहावेत.

कचेरीकडून येणाऱ्या उत्तरातही असाच भेद असतो. 'रेकॉर्ड नॉट ट्रेसेबल' म्हणजे नोंद सापडत नाही. 'नो सच रेकॉर्ड' म्हणजे अशी नोंद नाही. सापडत नाही आणि नाही, यांत मोठे अंतर आहे. वडिलांच्या किंवा आजोबांच्या जन्माची जुनी नोंद काढायला गेलेल्या आपल्या लोकांना याचा अनुभव आहे. सापडत नाही म्हणजे शोधणाऱ्याचा शोध अपुरा असू शकतो. जुना तालुका कोणता, जुना जिल्हा कोणता हे विचारावे. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला, तेव्हा त्याआधीच्या कागदांवर भंडारा हेच नाव असणार. 'अर्ज रिटर्न्ड' म्हणजे परत आला, त्रुटी दूर करून पुन्हा द्या. 'अर्ज रिजेक्टेड' म्हणजे फेटाळला. परत आलेल्या अर्जाला फेटाळलेला समजून किती जणांनी हाय खाल्ली असेल! आणि फेटाळला असेल तरी कारण लेखी मागावे आणि अपील कुठे करता येते ते विचारावे.

इथपर्यंत जे सांगितले त्याचे सार तीन प्रश्नांत येते. कागदात 'नाही' दिसला की विचारावे: हा 'नाही' कोण म्हणतो? कोणाला म्हणतो? आणि कुठपर्यंत म्हणतो?

बिडीच्या कायद्यातला 'नाही'

हे तीन प्रश्न लावून एक कायदा पाहू. आपल्या भागात धानाच्या गिरणीइतकेच बिडीचे काम जुने आहे. तेंदूपत्ता आपल्याच जंगलातला. १९६६ साली बिडी आणि सिगार कामगारांचा केंद्रीय कायदा झाला. त्यात लहान मुलांविषयी जे कलम होते त्याची इंग्रजी घडण पाहण्यासारखी आहे. कोणत्याही मुलाला कामाला 'रिक्वायर्ड ऑर अलाउड', म्हणजे लावले जाणार नाही किंवा करू दिले जाणार नाही, असे त्यात होते. दोन शब्द कशाला? नुसते 'लावू नये' म्हटले असते तर मालक म्हणाला असता, "मी कुठे लावले? पोर आपल्या मनाने आईबरोबर आले आणि बसले." 'करू दिले जाणार नाही' या शब्दाने ती पळवाट बंद केली.

पण तिसरा प्रश्न विचारा: कुठपर्यंत? त्या कलमात 'औद्योगिक आवारात' असे शब्द होते आणि औद्योगिक आवाराची व्याख्या करताना राहते घर त्यातून वगळले होते. व्याख्येतल्या त्या एका लहानशा 'नॉट'ने मोठा 'नो' कारखान्याच्या फाटकाशीच थांबवला. घरी ओसरीवर सूप मांडीवर घेऊन बसलेल्या आईशेजारी बिड्या वळणारी मुलगी त्या वाक्याच्या बाहेर राहिली. म्हणजे कायद्याने मनाई केली एवढे ऐकून भागत नाही. मनाईची भिंत कुठे संपते ते पाहावे लागते. आपले लेकरू भिंतीच्या आत आहे की बाहेर, हे त्यावरून कळते.

'अन', 'डिस' आणि 'नॉन'

इंग्रजीत शब्दाच्या आधी लहान अक्षरे जोडूनही नकार होतो. 'नॉन' फक्त वेगळे करतो. शाळेतले 'नॉन-टीचिंग' कर्मचारी म्हणजे शिक्षकेतर कर्मचारी, त्यात कमीपणा नाही. 'अन' पुष्कळदा दोष दाखवतो. 'नॉन-इंडियन' म्हणजे भारतीय नसलेला. 'अन-इंडियन' म्हणजे भारतीयाला न शोभणारा. 'डिस' म्हणजे असलेले काढून घेणे. आपण 'अपात्र' हा एकच शब्द वापरतो, इंग्रजीत दोन आहेत. ग्रामपंचायतीच्या उमेदवाराला २१ वर्षे पूर्ण लागतात. ज्याचे वय कमी आहे तो 'अनक्वालिफाइड', अजून पात्र झालेला नाही. जो पात्र होता पण कायद्यातल्या एखाद्या कारणाने बाद ठरला तो 'डिसक्वालिफाइड'. पहिला वाट पाहू शकतो. दुसऱ्याला लढावे लागते.

आता या 'अन' ने सुरू होणारा एक शब्द घेऊ, ज्याचा आपल्या बापजाद्यांशी संबंध आहे. 'अनटचेबल'. 'टच' म्हणजे स्पर्श, 'एबल' म्हणजे करण्याजोगा, 'अन' म्हणजे नाही. मराठीतला 'अस्पृश्य' हाही असाच बनलेला आहे. या शब्दाला पहिला प्रश्न विचारून पाहा: हा 'नाही' कोण म्हणतो? स्पर्श करायला नकार देणारा दुसराच कोणी आहे. हात त्याने मागे घेतला आहे. पण शब्दात तो कुठेच नाही. शब्दात फक्त ज्याला नाकारले तो माणूस आहे, जणू नकार हा त्याच्याच अंगाचा गुण आहे. अपराध एकाचा आणि नाव दुसऱ्याचे! एका 'अ'ने आणि एका 'अन'ने एवढी मोठी उलटापालट केली आणि शेकडो वर्षे लोक ती खरी मानत राहिले.

बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्यांच्या उगमावर इंग्रजीत जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याच्या नावातच ते कोण होते आणि ते अस्पृश्य का बनले, असा प्रश्न आहे. 'का बनले' या शब्दांतच उत्तराची दिशा आहे. बनले म्हणजे मुळात नव्हते. कोणीतरी बनवले.

संविधानातले नकार

त्याच १९४८ साली २९ नोव्हेंबरला संविधान सभेने अस्पृश्यता नष्ट करणारे कलम मंजूर केले. मसुद्यात त्याचा क्रमांक ११ होता, अंतिम संविधानात तो १७ झाला. या कलमात गंमत अशी की, त्याच्या मुख्य वाक्यात 'नॉट'ही नाही आणि 'नो'ही नाही. तिथे दोन क्रियापदे आहेत, 'अबॉलिश्ड' आणि 'फॉरबिडन'. पहिल्याचा अर्थ नष्ट केली. दुसऱ्याचा अर्थ पाळण्यास मनाई केली, आणि तीही कोणत्याही स्वरूपात. नुसते 'पाळू नये' म्हटले असते तर गोष्ट शिल्लक राहते, फक्त ती करायची नसते. 'नष्ट केली' म्हटल्यावर कायद्याच्या लेखी ती गोष्टच उरत नाही. आणि तरी कोणी पाळली तर तो शिक्षेस पात्र गुन्हा, असे पुढे सांगितले आहे. दोन्ही शब्द लागत होते, म्हणून दोन्ही ठेवले, असे आम्हाला वाटते.

'नॉट' नसलेला नकार आपल्याला परका नाही. पंचशील घेताना आपण पाच वेळा 'वेरमणी' म्हणतो. त्यातही मनाईचा 'न' नाही. अलिप्त राहणे असा त्याचा अर्थ, आणि इंग्रजीत त्यासाठी 'अ‍ॅब्स्टेन' हा शब्द वापरतात. तिथे कोणी आपल्याला दरडावत नाही. आपण स्वतःच ते शिक्षापद घेतो. कोण म्हणतो, या प्रश्नाचे उत्तर तिथे 'मी' असे आहे.

संविधानाचे कलम १५ आता पाहा. त्याच्या पहिल्या भागात 'द स्टेट शॅल नॉट' अशी सुरुवात आहे. राज्याने धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान एवढ्याच कारणांवरून भेदभाव करायचा नाही. हा 'नाही' राज्याला सांगितलेला आहे. दुसऱ्या भागाची सुरुवात 'नो सिटिझन' अशी आहे. कोणत्याही नागरिकावर दुकाने, हॉटेले, विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते यांच्या बाबतीत बंधन येणार नाही. बंधन घालणारा कोण, हे इथे लिहिलेलेच नाही. ते न लिहिल्यामुळेच हा 'नाही' सर्वांना लागू पडतो. दुकानदारालाही, हॉटेलवाल्यालाही, गावच्या पाटलालाही. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर ज्या हक्कासाठी आपली माणसे गेली, तो हक्क या दुसऱ्या भागात तलाव या शब्दाने बसला आहे.

एका वाक्याने चौतीस वर्षे अडवले

शेवटी, एका इंग्रजी नकाराने आपल्या समाजाचे काय केले ते सांगतो. १९५० साली राष्ट्रपतींनी अनुसूचित जातींचा आदेश काढला. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदात 'नो पर्सन' हे शब्द असलेले एक वाक्य होते. त्याचा आशय असा की, हिंदू धर्माहून वेगळा धर्म मानणाऱ्या कोणत्याही व्यक्तीस अनुसूचित जातीतील समजले जाणार नाही. तेव्हा पंजाबकडील काही शीख जातींपुरता अपवाद होता. १९५६ साली त्या वाक्यात हिंदू शब्दाजवळ शीख हा शब्द आला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात बाबासाहेबांसोबत लाखो लोकांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, आणि त्या वाक्याच्या 'डिफरंट' या शब्दाने त्यांना बाहेर काढले.

महाराष्ट्र राज्य झाल्यावर राज्य शासनाने आपल्या अखत्यारीतल्या सवलती बौद्धांना दिल्या. पण केंद्राचे दार त्या वाक्याने बंद होते. गोंदिया हे जंक्शन आहे. रेल्वे आपल्या दारावरून जाते, पण रेल्वे केंद्राची. ज्या मुलाला राज्याच्या नोकरीत सवलत होती, त्याच मुलाने कागदावर धर्म बौद्ध लिहिला की रेल्वेच्या नोकरीत त्याला ती नव्हती. मुलगा एकच, घर एकच, वस्ती एकच, गावाची वागणूकही तीच.

त्या वाक्यात आणखी एक शब्द होता, तो 'डीम्ड'. या माणसाचे हाल संपले, त्याला आता कोणी जातीवरून हिणवत नाही, असे ते वाक्य म्हणत नव्हते. त्याला अनुसूचित जातीचा समजले जाणार नाही, एवढेच म्हणत होते. 'नाही' आणि 'समजले जाणार नाही' यांतला फरक आपल्या लोकांनी ओळखला. आमची स्थिती बदललेली नाही, तुमचे मोजणे बदला, हीच मागणी त्यांनी वर्षानुवर्षे लावून धरली. १९९० साली संसदेने कायदा करून त्या वाक्यात बौद्ध हा शब्द घातला.

नीट पाहा. वाक्यातला 'नो' कोणी काढला नाही. तो आजही तिथेच आहे, आणि ख्रिस्ती किंवा मुस्लिम धर्म स्वीकारलेल्या दलितांसाठी तो आजही बंद दारासारखा उभा आहे. बदलली ती फक्त त्या 'नो'ची हद्द. चौतीस वर्षांनी एक शब्द आत आला आणि लाखो माणसे त्याबरोबर आत आली. नकार मुळासकट उपटता आला नाही तरी त्याची हद्द हलवता येते. पण हद्द कुठे आहे हे वाचता आले पाहिजे. ज्यांनी ते वाक्य शब्दशः वाचले, त्यांनाच कोणता शब्द मागायचा हे कळले.

तेव्हा वाचकहो, घरच्यासाठी एक अभ्यास देतो. येत्या रविवारी घरातला कोणताही एक इंग्रजी कागद काढा. बॅंकेचा चालेल, विम्याचा चालेल, परीक्षेच्या सूचनांचा चालेल. मुलांनी त्यातल्या प्रत्येक 'नॉट', 'नो', 'अनलेस', 'एक्सेप्ट' आणि 'फेलिंग' खाली पेन्सिलीने रेघ मारावी. मग आईने विचारावे, हा 'नाही' कोण म्हणतो? बाबांनी विचारावे, कोणाला म्हणतो? आजीने विचारावे, कुठपर्यंत? तीन प्रश्नांची उत्तरे मराठीत देता आली की कागद वाचला असे समजावे. एखाद्या ओळीचे उत्तर सापडले नाही तर ती ओळ तशीच वहीत उतरवून विहारात न्या. तिथे शिकलेला कोणी ना कोणी भेटेलच.